गोधडीच्या काठावरची हाडं

सह्याद्रीतले किल्ले पालथे घालणाऱ्यांच्या घरात एक खण दगडांचा असतो. त्यात गारगोट्या असतात, पांढऱ्या सुयांचे झुबके दाटलेले खडे असतात, कधी हिरव्या झाकेचा एखादा स्फटिक असतो. पण दगडात अडकलेलं हाड त्या खणात नसतं. शिंपला नसतो, माशाचा काटा नसतो. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर जा, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जा, कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीवर जा, दगड काळा आणि कोरा. डायनासोर आपल्याकडे फिरकलेच नाहीत की काय, असं वाटावं इतका कोरा.

ते फिरकले होते. चांगले वस्ती करून होते, अंडी घालत होते, शेण टाकत होते. फक्त आपण त्यांच्या डोक्यावर उभे आहोत.

सह्याद्री म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वाहत आला. एक थर थंडावला की त्यावर दुसरा, मग तिसरा. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेश या काळ्या दगडाखाली आहे आणि त्यात बहुतेक सगळा महाराष्ट्र येतो. हजार-बाराशे अंश तापलेल्या रसात हाड टिकत नाही, म्हणून किल्ल्यांचा दगड कोरा.

पण लाव्हा ज्या जमिनीवर पसरला ती जमीन कुठे गेली? ती खाली तशीच आहे. चूल पेटलेली असते तेव्हा निखाऱ्यांखालची माती वीतभर खणून पाहा, हाताला गार लागते. माती उष्णता खाली जाऊ देत नाही. लाव्हाने वरचा थर भाजला असेल, त्याखालचं झाकून ठेवलं. पश्चिमेकडे लाव्हाच्या या गोधडीची जाडी किलोमीटरच्या हिशेबात मोजावी लागते, तिथे खाली डोकावणं अशक्य. पूर्वेला आणि उत्तरेला ती पातळ होत जाते आणि नद्यांनी तिचा काठ कुरतडला आहे. थंडीत झोपलेल्या माणसाचे पाय गोधडीबाहेर यावेत तशी त्या काठावर जुनी जमीन बाहेर आली आहे. जबलपूर, धार, गुजरातेतलं बालासिनोर, आपलं नागपूर आणि चंद्रपूर. या जुन्या जमिनीचं नाव लमेटा.

स्लीमनसाहेबांची सापडलेली, हरवलेली हाडं

नर्मदा परिक्रमा करणाऱ्यांना भेडाघाटाजवळचा लमेटा घाट ठाऊक असेल. तिकडचे लोक त्याला लम्हेटा म्हणतात. घाटाच्या खडकावरून संपूर्ण थराला नाव पडलं. पण पहिली हाडं मिळाली ती जबलपूर छावणीजवळच्या बडा सिमला टेकडीवर, १८२८ साली. ती उचलणारा माणूस होता कॅप्टन विल्यम स्लीमन, पुढे ठगांचा बंदोबस्त करून प्रसिद्ध झालेला. त्याला मिळाले शेपटीचे दगड झालेले मणके. 'डायनासोर' हा शब्द रिचर्ड ओवेनने १८४२ साली घडवला, म्हणजे शब्द जन्मायला अजून चौदा वर्षं होती. आपल्या हातात काय आहे हे स्लीमनला कळणं शक्यच नव्हतं.

मणके स्पिल्सबरी नावाच्या डॉक्टरकडे गेले, तिथून कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे, मग भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या थॉमस ओल्डहॅमकडे. शेवटी १८७७ साली रिचर्ड लिडेकरने त्यांचं बारसं केलं: टायटॅनोसॉरस इंडिकस. लांब मानेचा, लांब शेपटीचा, चार खांबांसारख्या पायांचा शाकाहारी प्राणी. त्यानंतर जगभर, विशेषतः दक्षिण अमेरिकेत, या जातकुळीचे कितीतरी प्राणी सापडले आणि सगळ्यांना मिळून 'टायटॅनोसॉर' म्हणू लागले.

पुढची गोष्ट मला फार आवडते. मूळ मणके कुठे ठेवले होते हेच लोक विसरून गेले. २०१२ साली कोलकात्याच्या सर्वेक्षणाच्या संग्रहात धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधाशोध केली, तेव्हा हरवलेला ऐवज पुन्हा हाती लागला. तोवर आणखी एक घोळ झालेला होता. लिडेकरला जी लक्षणं खास वाटली होती ती या कुळातल्या बऱ्याच प्राण्यांत असतात, असं लक्षात आल्यामुळे २००३ साली अभ्यासकांनी टायटॅनोसॉरस हे नाव बाद ठरवलं. त्यामुळे आज घराणं नांदतं आहे, पण ज्याच्यावरून घराण्याला नाव मिळालं त्या मूळपुरुषाचं नाव वंशावळीतून खोडलेलं आहे.

चुनखडी लागलेली जमीन

हाडाचा दगड कसा होतो हे शाळेत सांगतात: हाड पुरलं जातं, पाण्यातले क्षार त्यात झिरपतात, हळूहळू दगड होतो. बरोबर आहे, पण अपुरं आहे. मेलेल्या जनावरांपैकी बहुतेकांचं काहीच होत नाही. ऊन, पाऊस, तरस आणि मुंग्या सगळं संपवतात. मग लमेटात अंडी आणि शेण यांसारख्या नाजूक गोष्टीही कशा टिकल्या?

उत्तर विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला पटकन समजेल. काही शेतांत दोन-तीन फूट खणलं की पांढरट खडे लागतात. ही चुनखडी. अशा जमिनीत संत्र्याची पानं पिवळी पडतात, म्हणून शेतकरी तिच्या नावाने बोटं मोडतो. ती तयार होते अशी: पावसाचं पाणी मातीत मुरताना चुना विरघळवून घेतं. पाऊस संपतो, कडक ऊन पडतं, ओलावा वर खेचला जाऊन उडून जातो आणि चुना मागे राहतो. गिझरच्या कॉइलवर जसं पांढरं पुट चढतं तसं मातीच्या कणांवर पुट चढतं. वर्षामागून वर्षं असं झालं की मोकळी माती सिमेंटसारखी घट्ट होते.

लमेटाच्या खडकांत ठिकठिकाणी ही जुनी चुनखडी आहे. तिच्यावरूनच हवामान ओळखता येतं: ठरावीक महिन्यांत पाऊस, नंतर लांबलचक कोरडा काळ. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्राने वेढलेलं एक मोठं बेट होता. मादागास्करपासून सुटून उत्तरेकडे निघालेला, आशियाला अजून न भिडलेला. या बेटावर उथळ तळी होती, पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या नद्या होत्या. दुष्काळात तलावाच्या काठी गुरांचे सांगाडे पडतात आणि पुढच्या पुरात इतस्ततः होतात, तसंच इथे झालेलं दिसतं. म्हणून लमेटात अख्खा सांगाडा मिळणं दुर्मीळ. एकाचा पाय, दुसऱ्याची शेपटी, मध्ये तिसऱ्याचे दात.

या सरमिसळीने मोठमोठे फसले. चार्ल्स मॅटलीने बडा सिमला टेकडीवर खोदकाम करून १९२०च्या दशकात लमेटासॉरस नावाचा चिलखत घातलेला डायनासोर जाहीर केला. पुढे तपासणी झाली तेव्हा पाय एका मांसाहाऱ्याचे आणि चिलखताची खवलं भलत्याच प्राण्यांची निघाली. लग्नघरातल्या चपलांच्या ढिगातून एक जोड जमवावा आणि त्यावरून एक पाहुणा कल्पावा, त्यातला प्रकार.

पाच-दहा टनी आई आणि नारळाएवढं अंडं

हाडं विस्कटली, पण अंडी जागच्या जागी राहिली, कारण ती मुळातच पुरलेली होती. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, बाग आणि कुक्षी परिसरात, अभ्यासकांनी ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली. त्यांचा शोधनिबंध २०२३ साली प्रसिद्ध झाला. एका घरट्यात एकापासून वीसपर्यंत अंडी. प्रत्येकाचा व्यास साधारण १५ ते १७ सेंटीमीटर, म्हणजे सोललेल्या मोठ्या नारळाइतका.

इतक्या अवाढव्य जनावराचं अंडं एवढंसं? अंडं मोठं करत गेलं की आतला ऐवज कवचापेक्षा फार वेगाने वाढतो. तो फुटू नये म्हणून कवच जाड करावं लागतं. कवच जाड झालं की हवा आत जात नाही आणि पिल्लाला ते फोडताही येत नाही. त्यामुळे अंड्याच्या आकाराला एक मर्यादा येते आणि आई कितीही मोठी असली तरी ती ओलांडता येत नाही. पिल्लू जेमतेम अर्ध्या मीटरचं असायचं, बाकीची वाढ बाहेर आल्यावर.

कवच भिंगाखाली पाहिलं तर चुन्याचे पंख्यासारखे उलगडलेले खांब एकाला एक खेटून उभे दिसतात. वरून पाहिलं तर खरखरीत, मक्याच्या कणसासारखं दाणेदार. खांबांच्या मधून बारीक नळ्या आरपार जातात, आणि भरपूर जातात. इतकी छिद्रं असलेलं अंडं उघड्यावर ठेवलं तर माठातल्या पाण्यासारखा त्यातला ओलावा उडून जाईल. म्हणजे ते ओलसर मातीत किंवा वाळूत पुरलेलं असणार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासविणीला खड्डा करून अंडी पुरताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. पुढचं वागणंही बहुधा कासविणीसारखंच. धारमधली घरटी एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की मोठ्या जनावराला त्यांच्यामधून अंडी न तुडवता फिरणं शक्य नव्हतं. अंडी घातली, माती लोटली, निघून गेली. आईपणाची आपली कल्पना इथे लावायला जाऊ नये.

पण एका बाबतीत हे प्राणी कासवापेक्षा कोंबडीच्या जवळचे होते. धारमधल्याच एका अंड्यात कवचाच्या आत दुसरं कवच सापडलं. कोंबडीत हे क्वचित घडतं: तयार झालेलं अंडं बाहेर पडण्याऐवजी मागे ढकललं जातं आणि पुढच्या अंड्यासोबत त्यावर पुन्हा कवच चढतं. हे व्हायला अंडवाहिनीत कामं वाटून दिलेले वेगवेगळे भाग लागतात. एका बिघाडावरून आतल्या यंत्राची रचना कळावी, असं भाग्य अभ्यासकांना रोज लाभत नाही.

याच पट्ट्यातल्या पाडल्या गावची बातमी २०२३च्या डिसेंबरात सगळीकडे आली होती. तिथले लोक शेतात मिळणारे गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत. शेताची, गुरांची राखण करणारा देव. अभ्यासकांनी पाहिलं तर त्यांतली काही डायनासोरची अंडी. बातम्यांचा सूर जरा हसण्याचा होता, तो मला रुचला नाही. आपल्या बांधावरचा म्हसोबाही शेंदूर फासलेला दगडच असतो. पाडल्याच्या माणसांनी निदान हे ओळखलं की हा दगड इतर दगडांसारखा नाही, आणि तो फोडून बांधाला लावला नाही.

घरट्यातला पाहुणा

गुजरातेतल्या धोली डुंगरीला मोहबे यांना १९८०च्या दशकात एक खडक मिळाला. त्यात तीन अंडी, त्यांतलं एक चिरडलेलं, शेजारी बारीक हाडं. १९८७च्या निबंधात ती पिल्लाची हाडं म्हणून नोंदली गेली. २००१ साली अमेरिकेतले जेफ्री विल्सन तो खडक पाहायला आले आणि त्यांची नजर मणक्यांवर अडकली. सापाच्या मणक्यांना एकमेकांत अडकवणारी जादा खुंटी असते. ती इथे होती. खडक आणखी साफ केल्यावर चिरडलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला सुमारे साडेतीन मीटरचा साप आणि जवळच ताजं बाहेर आलेलं पिल्लू दिसलं. २०१० साली या सापाला सनाजेह इंडिकस असं नाव मिळालं. अजगराइतका जबडा त्याला फाकवता येत नव्हता, त्यामुळे अख्खं अंडं गिळणं जमणारं नव्हतं. पिल्लू बाहेर येण्याची वाट तो पाहत असावा. तेवढ्यात चिखलाचा लोट आला आणि शिकारी आणि शिकार दोघंही त्या क्षणात थिजले.

> चौकट: लमेटा एका नजरेत
>
> वय: डायनासोर युगाची अखेर, ढोबळमानाने सात कोटी ते सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी.
> जागा: दख्खनच्या लाव्हाच्या लगेच खाली; मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र.
> खडक: वाळूचा खडक, चिकणमाती, चुनखडी लागलेली जुनी जमीन.
> रहिवासी: लांब मानेचे शाकाहारी, राजासॉरससारखे मांसाहारी, साप, कासवं, मासे.
> महाराष्ट्रातल्या जागा: चंद्रपूर जिल्ह्यातली पिसदुरा आणि डोंगरगाव.

पिसदुऱ्याचं शेण

आता आपल्या घरचा ऐवज. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचं छोटं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी इथली हाडं गोळा केली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. शेजारच्या डोंगरगावला १९८०च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहनलाल जैन यांना एका टायटॅनोसॉरचा बऱ्यापैकी मोठा भाग मिळाला. त्याचं आजचं नाव आयसिसॉरस, संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. आकडेशास्त्राच्या संस्थेत डायनासोर काय करतात असं विचारू नका. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तिथे भूशास्त्राचा विभाग काढला होता आणि त्याचं चांगलं झालं.

पण पिसदुऱ्याची खरी श्रीमंती हाडांत नाही. तिथल्या शेतांत लांबट-गोल, करड्या रंगाचे गोळे मिळतात. ते दगड झालेलं शेण आहे. माझ्या मते लमेटातल्या कुठल्याही सांगाड्यापेक्षा याची किंमत जास्त. हाड सांगतं जनावर कसं दिसत होतं, शेण सांगतं त्या दिवशी त्याने काय खाल्लं.

ते वाचायचं कसं? उसाच्या फडातून उघड्या हातांनी गेलेल्याला पात कशी कापते ते माहीत असतं. भाताच्या, बाजरीच्या पातीलाही ही धार असते. गवतवर्गातली झाडं मुळांवाटे सिलिका, म्हणजे वाळूचाच घटक, विरघळलेल्या रूपात ओढून घेतात आणि पानातल्या पेशींत भरून ठेवतात. प्रत्येक पेशी जणू मोदकाचा साचा आणि आत सिलिकाचा मोदक. पान खाल्लं, चावलं, पचलं, कुजलं तरी वाळूचा तो सूक्ष्म मोदक तसाच राहतो. त्याला फायटोलिथ म्हणतात. गंमत अशी की वेगवेगळ्या वनस्पतींचे साचे वेगळे असतात. अनेक गवतांचा साचा भिंगाखाली चक्क डमरूसारखा दिसतो.

लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद यांनी अशोक साहनी, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि इतर सहकाऱ्यांसोबत पिसदुऱ्याच्या शेणगोळ्यांचा चुरा आम्लात टाकला. चुना विरघळला, सिलिका तळाला राहिली. तिच्यात ताडवर्गाचे, सूचिपर्णी झाडांचे, इतर झाडांचे कण होते, ते अपेक्षितच. पण त्यांच्यासोबत गवताचे डमरूही होते, आणि एका नव्हे तर किमान पाच प्रकारच्या गवतांचे.

२००५ साली हे 'सायन्स' नियतकालिकात छापून आलं तेव्हा खळबळ उडाली, कारण तोवर पुस्तकांत लिहिलेलं असायचं की गवत डायनासोरनंतर आलं. चित्रकार डायनासोरच्या पायाखाली गवत काढत नसत. काढलं तर जाणकार चूक दाखवत. पिसदुऱ्याच्या शेणाने तो नियम मोडला. २०११ साली याच अभ्यासकांनी भाताच्या कुळाच्या खाणाखुणाही त्यात दाखवल्या. पुढे चीनमध्ये एका त्याहून जुन्या डायनासोरच्या दातांवरही गवताचे अवशेष मिळाले. आज गवताची कुळकथा डायनासोरच्या काळातच सुरू होते, यावर फारसा वाद नाही.

हे शेण नेमकं कोणाचं, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याच थरात टायटॅनोसॉरची हाडं पडलेली आहेत म्हणून शेण त्यांचं, हा अंदाज आहे, साक्षीदार नाही. शिवाय इतक्या मिसळलेल्या चाऱ्यावरून दिसतं की हे जनावर म्हशीसारखं गवतावर जगणारं नव्हतं. शेळीसारखं, तोंडासमोर येईल ते ओरबाडणारं होतं.

लाव्हा आला तेव्हा

शिकाऱ्यांबद्दल थोडक्यात. गुजरातेत रायोलीला १९८०च्या दशकात मिळालेल्या हाडांवरून २००३ साली राजासॉरस नर्मदेन्सिस जाहीर झाला: दोन पायांवर चालणारा, आखूड आणि दणकट कवटीचा, कपाळावर एक बुटकं शिंग असलेला. त्याचे जवळचे नातलग मादागास्करमध्ये आहेत. भावकी वेगळी झाली तरी तोंडवळा जात नाही, आणि भारत-मादागास्कर एकेकाळी एका घरात होते याचा हा जिवंत नसलेला पण बोलका पुरावा.

मग लाव्हाने या सगळ्यांना एका फटक्यात संपवलं का? इतकं सरळ नाही. लाव्हा लाखो वर्षं अधूनमधून येत राहिला. दोन प्रवाहांच्या मधल्या शांत काळात वर माती साचे, तळी भरत, झाडं उगवत, आणि पुढचा प्रवाह त्यांना झाकून टाके. गोधडीच्या पदरांमध्ये अशा पातळ घड्या ठिकठिकाणी सापडतात. कच्छमधल्या अंजारला अशाच एका घडीत डायनासोरची हाडं आणि कवचाचे तुकडे मिळाले आहेत. म्हणजे पहिले प्रवाह येऊन गेले तरी कुणीतरी तिथे अंडी घालत होतं. याच सुमारास मेक्सिकोच्या युकातान भागात मोठी उल्का आदळली. दोष उल्केचा किती आणि लाव्हाच्या वायूंचा किती, यावर अजून भांडण चालू आहे.

या घड्यांमुळे सुरुवातीचं माझं विधान थोडं दुरुस्त करायला हवं. किल्ल्यांचा दगड कोरा आहे, पण सगळीकडे नाही. मुंबईत वरळीच्या टेकडीवर, लाव्हाच्या दोन थरांमध्ये, एकोणिसाव्या शतकात बोटाएवढ्या बेडकांचे सांगाडे सापडले. ते लंडनला गेले आणि १८४७ साली त्यांचं वर्णन केलं रिचर्ड ओवेननेच, ज्याने पाच वर्षांपूर्वी डायनासोर हा शब्द घडवला होता. हे बेडूक लमेटाच्या प्राण्यांनंतरचे. मोठी मंडळी निघून गेल्यावर तळ्याकाठी तेच डरावत होते, आणि वर पुढचा लाव्हा येत होता.